सहावी दांडी

ड्युनेडिनमधल्या त्या बैठ्या घराचं धुराडं जेमतेम पाच मीटर उंच होतं.

"संध्याकाळी तान्ही नात दवाखान्यातून पहिल्यांदा घरी येतेय. आज जाळ पेटायलाच हवा, पोरी," मर्डोक आजोबा म्हणाले.

"धुराडं मोकळं असलं तर पेटेल. माझा कॅमेरा कधी चुकत नाही," धुराडं तपासायला आलेली आयोना हसली. "बाहेर उभे राहा, कॅमेरा धुराड्याच्या वर निघाला की ओरडा."

मीटरभर लांबीच्या दांड्या जोडत तिने आतून, चुलाण्यातून कॅमेरा वर सरकवला. सहाव्या दांडीला बाहेरून हाक आली, "आला गं!"

तिने ढकलणं थांबवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आभाळ नव्हतं. विटाच होत्या, आणि त्या अजून खाली सरकत होत्या.

तिने दांडी सोडून दिली. दांडी वर निघून गेली.

"पुरे की, किती ढकलशील?" आजोबा बाहेरून हसले. "मोकळं आहे ना? मग पेटवतो!"