राक्षसाच्या दारावरची घंटा

"चोरी आहे ही, सरळ सरळ चोरी!" मी दोन्ही कादंबऱ्या वकीलबाईंच्या टेबलावर आपटल्या. एक माझी, दुसरी त्या नव्या लेखकाची.

बाईंनी आठवडाभर वाचून मला पुन्हा बोलावलं. "काका, सात समुद्रांपलीकडची गुहा, पोपटात जीव असलेला राक्षस, शापित राजकन्या, बोलणारी तलवार. हे सगळं दोन्हींत आहे खरं. पण ते कुणा एकाचं नाही. त्यावर कॉपीराइट कुणालाच मिळत नाही."

"म्हणजे माझं असं काहीच नाही?" माझा आवाज चढला.

"आहे ना." त्यांनी माझ्या पुस्तकातलं एक पान उघडलं. "तुमचा राक्षस गुहेत एकटाच राहतो. तरी बाहेरून आला की आधी दारावरची घंटा वाजवतो, जरा थांबतो, मगच कुलूप उघडतो. हे त्यांच्याकडे नाही. मी तरी कुठेच वाचलेलं नाही. हे फक्त तुमचं. कसं सुचलं हो?"

"सुचलं असंच," मी म्हणालो आणि पुस्तकं पिशवीत कोंबली.

तीन जिने चढून घरी आलो. बेल वाजवली. नेहमीएवढा थांबलो. मग खिशातून किल्ली काढली.