काही विचारायचं आहे का?

"तुला आम्हाला काही विचारायचं आहे का?" रेवतीनं विचारलं.

मुलाखतीतला हा शेवटचा प्रश्न. इथं नुसतं "नाही सर" म्हणून उठायचं नसतं, काहीतरी विचारायचं असतं, हे तिनंच वसमतजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात नऊ वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. कंपनीचा साहेब होऊन ती टेबलाच्या एका बाजूला बसायची आणि शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून समोर येऊन सराव करायची.

आता समोर शितल राठोड होती. सिव्हिलची, बाळापूरकडच्या तांड्यावरची. सिव्हिलला यंदा एकच कंपनी येणार होती, पूल बांधणारी, आणि दोघांनाच घेणार होती. नाव देऊनही शितलचं गुरुवारच्या त्या मुलाखतीला बसायचं पक्कं नव्हतं. तिचे वडील प्रेमदास म्हणत होते, तलाठ्याची परीक्षा दे, घरून जाता-येता येईल.

शितलनं पाठ केलेला प्रश्न न अडखळता इंग्रजीत विचारला. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे कोणतं काम असेल?

यावर साहेबानं दोन वाक्यं बोलायची आणि थँक्यू म्हणायचं. रेवतीनं दोन वाक्यं बोलून टाकली. पण ती थांबली नाही.

कॉलेजात येण्याआधी ती स्वतः पुलाच्या कामावर होती. इंग्रजी कधी सुटलं ते तिला कळलंच नाही. पहाटे पाचला नदीच्या पात्रात उतरायचं, ती सांगू लागली. गमबूट पुरुषांच्या मापाचेच मिळतात, आत दोन-दोन मोजे घालायचे. पहिले पंधरा दिवस मिस्त्री तुझ्याशी बोलणार नाही, ड्रॉइंगमधलं काही विचारायचं झालं तर तुझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाला विचारेल. मग एक दिवस सळया चुकीच्या अंतरावर बांधल्यात हे तू दाखवशील. तो चिडेल, सगळ्या सोडवेल, परत बांधेल. आणि दुसऱ्या दिवशी किटलीतला पहिला चहा तुला देईल. खांबाचं काँक्रीट एकदा टाकायला घेतलं की मधे थांबता येत नाही, ऊन असो का भूक. नंतर शटरिंग काढलं की खांब उभा दिसतो, राखाडी, ओलसर. त्याच्यावर तळहात ठेवून बघ. आतून कोमट असतो तो, जनावराच्या पाठीसारखा.

दारात पुढची तीन पोरं खोळंबली होती. खिडकीतून शिजलेल्या हळदीचा वास येत होता. शितल फाइल मांडीवर धरून पुढं वाकली होती. मुलाखतीत ताठ बसायचं असतं, हे ती विसरली होती आणि रेवतीही.

"मॅडम," शितल म्हणाली, "मग तुमी वापस काहून आल्या?"

"आई आजारी पडली होती."

"मग?"

"मग ती बरी झाली."

रेवतीनं समोरचा कागद ओढला. त्यावर बसणं, बोलणं, आत्मविश्वास असे रकाने होते. तिनं तिन्हीत आकडे भरले आणि पुढच्याला पाठवायला सांगितलं.

गुरुवारी शितल मुलाखतीला बसली. घरापासून सहाशे किलोमीटर दूर, खाडीकाठी पत्र्याच्या खोलीत दोन वर्षं राहशील का, असं कंपनीच्या साहेबानं विचारलं म्हणे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली. दोन नावं लागली, त्यात वरचं तिचं होतं.

शनिवारी प्रेमदास लेकीबरोबर कॉलेजात आले. शितल ऑफिसात कागद आणायला गेली, तेवढ्या वेळात त्यांनी रेवतीला काय काय विचारून घेतलं. गाडी कुठून सुटते, तिथं आणखी बाया असतात का, पत्रे पावसात गळत तर नाहीत ना. रेवतीनं एकेकाचं नीट उत्तर दिलं. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी हातातला रुमाल खांद्यावर टाकला.

"पोरीनं तुमचं सांगितलं घरी," ते म्हणाले. "मग मी तिच्या मायला म्हणलं, आपण आजारी पडलो तर लेकराला कळवायचं न्हाई. बरं झाल्यावर सांगू."

मोठ्या मायेनं बोलत होते ते. रेवतीनं मान हलवली आणि नांदेडहून किती वाजता गाडी आहे, ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

घरी जायच्या रस्त्यावर ओढ्याला नवी मोरी बांधत होते. महिनाभर रेवती तिथं स्कूटी हळू करायची आणि निघून जायची. त्या दिवशी तिनं स्टँड लावला. साडीचा घोळ हातात धरून उतारावरून खाली गेली. मिक्सर फिरत होता. पाटीतला मूठभर माल तिनं उचलला आणि दाबला. बोटांच्या फटींतून पाणी गळालं.

"माल पातळ झालाय," ती मिस्त्रीला म्हणाली. "पाणी कमी करा."

मिस्त्रीनं तिच्या साडीकडं पाहिलं, मग सिमेंटनं भरलेल्या हाताकडं. पाणी टाकायला आलेल्या बाईला त्यानं हातानंच थांबवलं.

"तुमी इंजिनिअर का, ताई?"

"व्हय," रेवती म्हणाली. "रजेवर आले आहे."