चाळीसपैकी शून्य

समजा, बाळांनो, तुम्ही शेवटच्या बाकावर बसला आहात. अर्थशास्त्राचा पेपर चालू आहे. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, एकावर खूण करायची. सर फळ्याजवळ उभे आहेत आणि एकाच मुलीकडे टक लावून बघताहेत. तुम्हीही बघा तिच्याकडे.

घड्याळवाल्याची मुलगी ती. प्रश्न वाचते, पर्यायांवर तळहात ठेवते आणि डोळे मिटते. मग हात काढून खूण करते. तिसऱ्या प्रश्नावरून एकदम सातव्यावर उडी, मग परत मागे. साधासुधा पेपर कोणी असा सोडवतं?

"बाबा, तिच्या हाताखाली काहीतरी असतं," त्याच वर्गात शिकणारी सरांची लेक आठवडाभर सांगत होती. "नाहीतर दर वेळी पहिली कशी येते?"

"शाळेत मला सर म्हणायचं," सर म्हणाले होते. पण संशयाचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. शिष्यवृत्ती एकच होती आणि ती चोराच्या हाती जाऊ द्यायची नव्हती.

म्हणून त्यांनी सापळा लावला. पेपरच्या आदल्या दिवशी खोटी उत्तरसूची लिहिली, चाळीसच्या चाळीस उत्तरं चुकीची, आणि ती टेबलाच्या नेहमीच्या खणात ठेवली. खरी सूची कोटाच्या आतल्या खिशात. जो खणातली चोरून पाठ करेल, त्याला शून्य. घरीसुद्धा कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पेपर संपला. सरांना धीर कुठला! त्यांनी सवयीने खण ओढला, लागणारं सगळं टेबलावर मांडलं आणि चष्मा पुसला. तपासायचं काम सोपं होतं. प्रश्न वाचायचे नाहीत, नुसती अक्षरं जुळवायची.

लेकीचा पेपर वरच होता. चाळीसपैकी चाळीस! एरवी काठावर पास होणारी पोर. या खेपेला नेटाने बसली असणार. "शाब्बास गं!" सर म्हणाले. घरी जायला थांबलेली लेक लाजली.

मग घड्याळवाल्याच्या मुलीचा. चूक, चूक, चूक. शेवटपर्यंत चूक.

सरांनी शिपायाला पाठवून तिला बोलावून घेतलं.

"शून्य मिळवायलाही कसब लागतं," ते म्हणाले. "डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी दहाएक बरोबर आले असते. चोरी कबूल कर. शिष्यवृत्ती तर गेलीच, नाव शाळेतून काढायची वेळ आणू नकोस."

मुलीचा चेहरा उतरला. "मी चोरी नाही केली, सर."

"मग हाताखाली काय लपवतेस?"

"पर्याय."

"पर्याय?"

"ते आधी वाचले की चारही खरे वाटायला लागतात. म्हणून झाकते. उत्तर मनात पक्कं करते, मग हात काढून तेच शोधते."

"आणि त्या माकडउड्या?"

"अडलं की पुढे जाते, सर. एकाच प्रश्नाशी भांडत बसलं तर पाच सोपे हातचे जातात."

"पढवून आणल्यासारखी बोलतेय," लेक पुटपुटली.

"बरं, पाचवा प्रश्न," सर म्हणाले. "चहा महागला तर कॉफीची मागणी?"

"एक पर्याय होता, 'कधीच बदलणार नाही'. 'कधीच', 'नेहमी' असं ठासून लिहिलेलं असलं की मी दोनदा तपासते. तो कापला. चहा परवडेना झाला की लोक कॉफीकडे वळतील. म्हणजे मागणी वाढेल."

"चूक! हे बघ, इथे स्वच्छ लिहिलंय, कमी..."

सर थांबले. लोक कॉफीकडे वळतात, हे त्यांनीच तर वर्गात शिकवलं होतं. त्यांनी समोरचा कागद डोळ्यांजवळ धरला. मग दुसरा हात हळूच कोटाच्या आत गेला. घडी घातलेला कागद तिथेच होता, जसाच्या तसा.

त्यांनी मान वर केली, तोवर चाळीसपैकी चाळीस मिळवलेली त्यांची लेक दप्तर उचलून दाराशी पोचली होती.