मागचं पांढरं

माणूस आत आला तेव्हा ताईंनी प्रिंटरमधून नुकताच निघालेला पासपोर्ट फोटोंचा कागद उचलून पालथा ठेवला. एकाचं काम दुसऱ्याला दाखवायचं नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम होता. मग उठून त्यांनी पंखाही बंद केला.

"कागद उडतात," त्या म्हणाल्या.

त्याची बायको काल सकाळपासून बेपत्ता होती. फोनमध्ये तिचा फोटो होता, मागे सगळं पांढरंशुभ्र. ते पांढरं काढून चेहरा लाल रंगावर बसवायचा, खाली त्याचा नंबर, आणि पन्नास प्रती आत्ताच्या आत्ता. तो शांतपणे बोलत होता, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता. बोलता बोलता तो भिंतीकडच्या स्टुलावर टेकायला गेला. फोटो काढायचा पांढरा पडदा तिथे जमिनीपर्यंत सोडलेला होता.

"तिथे नको, इकडे या. चेहरा बरोबर आलाय का ते तुम्हीच सांगायचंय."

तो खुर्ची ओढून त्यांच्या खांद्याशी बसला. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं की भल्याभल्यांचे हात चालत नाहीत, आणि हे काम तर किचकट. बाईच्या खांद्यावरची ओढणीही पांढरीच. सॉफ्टवेअरमध्ये पांढरं पुसणारी जादूची कांडी असते, पण तिला अक्कल बेताचीच. मागचं पांढरं गेलं आणि त्यासोबत अर्धा खांदाही. ताईंनी तो परत आणला आणि माऊसने कडेकडेने कापायला घेतलं.

मजकूर तो सांगत होता, त्या टाइप करत होत्या. उंची पाच फूट, अंगात निळा ड्रेस, मानसिक संतुलन ठीक नाही.

"डॉक्टरांना दाखवलं होतं?"

"त्यात डॉक्टर कशाला? घरच्यांना कळतं ना."

कापून झाल्यावर कुठे पांढरं राहिलंय का हे बघायला ताई फोटोखाली काळा रंग टाकून पाहत. आज टाकला, तर बाईच्या खांद्यावर चार बोटांचे फिकट आकार उमटले. फोटोतल्या दुसऱ्या कुणाला तरी फोनवरच घाईघाईने पांढऱ्याने पुसलं होतं. बोटांवरही पांढरं फासलं होतं, पण त्यांच्या कडेने ओढणीला पडलेल्या चुण्या तशाच होत्या. मूठ आवळल्याशिवाय कापड इतकं गोळा होत नाही.

"माझाच हात आहे तो," तो म्हणाला. "काढून टाका."

ताईंनी एकेक बोट पुसलं. त्यांना त्या माणसाची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता.

"तीळ कुठे गेला?" त्याने विचारलं. "हनुवटीवर तीळ आहे तिच्या."

"धुळीचा ठिपका वाटला मला."

"त्यावरूनच तर लोक ओळखतील." तो त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. ताईंनी निमूटपणे तीळ परत आणला.

प्रिंटर सुरू झाला. तो उठून दुकानभर नजर फिरवू लागला, आणि पडद्यापाशी येऊन थांबला.

"फोटोही काढता वाटतं. इथे आली होती का ती?"

"दिवसाला वीस-पंचवीस जण येतात हो. पांढऱ्या पडद्यापुढे सगळे सारखेच दिसतात."

तो हसला नाही. लगेच ताईंनी विचारलं, पोस्टर कुठे लावणार. उघड्यावर लावायचं असेल तर जाड कागद घातलेला बरा. तो परत टेबलाकडे आला. आधी बसस्टँड, तो म्हणाला, दोन माणसं तिथे कालपासून उभीच केली आहेत. मग दवाखाना आणि बाजार. रेल्वे स्टेशनवर उद्या सकाळी. सगळीकडे पुरतील एवढी माणसं नाहीत.

गठ्ठा काखेत मारून तो गेला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ताई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी दाराला आतून कडी घातली, पालथा कागद सुलट केला आणि कात्रीने आठही फोटो नीट कापून पाकिटात घातले.

"बसस्टँडवर जाऊ नकोस. स्टेशनवर उद्यापर्यंत कोणी नाही," असं म्हणत त्यांनी पांढरा पडदा बाजूला केला. मागे भिंतीला पाठ लावून ती उभी होती, निळ्या ड्रेसमध्ये, पायातल्या चपला हातात धरून.