कुलपाला हात लावण्याआधी

“आधी एक सांगून ठेवतो,” बाबा म्हणाले आणि हत्यारांची पिशवी त्यांनी न उघडताच पायरीवर ठेवली.

दंतवैद्यबाई घरातल्या चपला घालून स्वतःच्याच बंद दारापुढे उभ्या होत्या. कचरा बाहेर ठेवायला आल्या, वाऱ्यानं दार आपटलं, लॅच बसलं.

“अहो, नंतर सांगा! आत गॅसवर दूध आहे.”

“सांगायला अर्धं मिनिट लागतं. ज्या घरानं विश्वासानं किल्ली हातात दिली, त्याच घरात मी चोरी केली होती. साडेतीन वर्षं तुरुंगात काढली. शिक्षा पुरी भोगली. चालत असेल तर काम करतो, नाहीतर दुसऱ्या किल्लीवाल्याचा नंबर देतो.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. आतून करपल्याचा वास येऊ लागला होता.

“दूध उतू चाललंय आणि तुम्ही आत्मचरित्र सांगताय! उघडा आधी.”

बाबा बाजूला झाले. त्यांची बोटं आताशा थरथरत. त्यामुळे काम मुलीनं करायचं आणि बोलायचं बाबांनी, अशी वाटणीच झाली होती. ती गुडघ्यांवर बसली, तार आत सरकवली. सहा वर्षं ती बाबांच्या मागून जिने चढत होती आणि सहा वर्षं हे ऐकत होती. तरी दरवेळी तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. कुलपाकडे पाहायची सोय होती, हेच नशीब.

दार उघडलं. बाई धावल्या, गॅस बंद करून हाश्शहुश्श करत परत आल्या. आता त्यांना उत्सुकता सुटली होती.

“आत झोप लागायची का हो?”

बाबा पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

“रात्रभर दिवे बंद करत नाहीत,” ती म्हणाली.

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. उलट काहीतरी आवडल्यासारखे दिसले.

“लॅच झिजलंय,” ते बाईंना म्हणाले. “पुढच्या आठवड्यात नवं बसवून देतो.”

खाली उतरताना ती बोललीच. “बाबा, किती दिवस हे चालवायचं? कुणी विचारतं का?”

“कुणी विचारत नाही म्हणून तर सांगायचं. आपण लोकांच्या दाराशी उभे राहतो. दाराशी कोण आलंय, हे त्यांना कळायला नको?”

“पण शिक्षा संपली ना?”

“सरकारची संपली.” ते कठडा धरून थांबले, दम घेतला. “उरलेली आपली आपण देत बसतो. ती कधी संपवायची, ते ठरवायला कोर्ट नसतं, पोरी. मला जमेल तोवर मी बोलतो. मग तू बघ.”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

“असू दे. चल, चहा घेऊ. साखर दोन चमचे, भावाला सांगू नकोस.”

दुसऱ्या दिवशी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

भेटायला येणारे दाराशीच चपला काढून हळू आवाजात बोलत. शेजारच्या दुकानातला शिंपी रडला. “तीस वर्षं भिंतीला भिंत, आणि कधी पत्ता लागू दिला नाही बघ. मग तू दुकानात बसायला लागलीस त्या सुमाराला एकदम सांगतच सुटला. चोर होता, पण सच्चा माणूस.” तिनं मान हलवली. नंतर आलेले बहुतेक जण हेच म्हणाले आणि तिनं दरवेळी मान हलवली.

माणसं पांगल्यावर भाऊ जवळ येऊन बसला.

“ताई, आता ते तुणतुणं बंद कर. बाबांबरोबर गेलं सगळं. पाटी नवी करू, दुकान तुझ्या नावावर. कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही.”

“लोक त्यांना चोर म्हणतायत.”

“त्यांनीच म्हणवून घेतलं ना? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुला पडतो. तुझ्यापुढे सगळं आयुष्य आहे.”

तो तिच्या काळजीनंच बोलत होता, हे तिला कळत होतं.

आठव्या दिवशी तिनं नवं लॅच पिशवीत टाकलं आणि तीन मजले एकटीनं चढली.

दंतवैद्यबाईंनी दार उघडलं आणि सताड उघडंच ठेवलं. “ये ग. आज प्रस्तावना नको. कळलं मला तुझ्या वडिलांचं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांची गोष्ट सांगते. म्हणते, चोर होता, पण असा सच्चा माणूस मी पाहिला नाही.”

पुन्हा मान हलवली असती की झालं असतं. बाईंनी तर काही विचारलंही नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. उघडली नाही. कानाच्या पाळ्या तापल्या, तापू दिल्या. मग तिनं मान वर केली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“सच्चे होते ते खरं,” ती म्हणाली. “पण बाबांनी जन्मात कुणाच्या सुईलाही हात लावला नव्हता, बाई. साडेतीन वर्षं आत मी होते.”