ताईने निवडलेली

"ताई, डोकं फिरतं तेव्हा नेमकं कसं वाटतं गं?"

मैत्रिणी म्हणाल्या होत्या, तुझी हिंमतच नाही विचारायची. घ्या, विचारलं!

ताई हसली. "ते नाही सांगता येत. पण पुन्हा आजारी पडले, तर माझ्या उपचारांचं कोण ठरवणार, ते बरी असतानाच डॉक्टरांना लिहून दिलंय."

"मीच ना?"

"नाही. ती."

तिने खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. माझा नुसता जळफळाट झाला. गोळ्यांची आठवण मी करायची, रडली की जवळ मी बसायचं, आणि मान त्या रिकाम्या खुर्चीला!

"तिथे कुणी नाहीये, ताई."

"बसून बघ."

मी तरातरा जाऊन बसले. खुर्ची ऊबदार होती. मागून कुणीतरी माझी सुटलेली बट हळूच कानामागे सारली, अगदी मायेने.

ताई समोरच होती. तिचा चेहरा काळवंडला. "ऊठ," ती म्हणाली. "ती माझी आहे."

मी उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी अजून लहान आहे, म्हणून माझं तुम्हीच लिहून द्या. माझ्याही वतीने ती खुर्चीतलीच ठरवणार. आणि ताईला सांगा, तिला मी जास्त आवडते."