पाच फुग्यांची घागर

"पोटाच्या धंद्यात खरेपणा घुसडणारा माणूस म्या ह्यो एकच बघितला," दगडाबाई फुग्याला गाठ मारत म्हणाली. "तरणा व्हता तवर अक्कल व्हती. साठी आली, नाठी झाली."

ऐकायला तिच्या नवऱ्याशिवाय, रेवणप्पाशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यानं मान वर केली नाही. सोनारीच्या जत्रेचा तिसरा दिवस. ऊन तापायच्या आत त्याला बंदूक जुळवायची होती. फुगे फोडायची छर्‍याची बंदूक. नळी बिजागरीत दुमडली की आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की सुटते. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं हीच पुन्हा उभी केली होती. स्प्रिंग नळदुर्गच्या हमरस्त्यावर लॉरीच्या भंगारातून आणलेली, दोन वेढे कापून बसवलेली. आतल्या दट्ट्याचा वायसर जुन्या मोटेच्या चामड्याचा, चार दिवस करडईच्या तेलात मुरवलेला. बिजागरीत नळी हलायची, तिथं रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची चकती. आता छर्रा फुग्याला लागून खाली पडत नव्हता. मागच्या फळीत रुतत होता.

राहता राहिली माशी. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा दाणा. जत्रेतल्या बंदुकीची माशी मालक जरा डावीकडं दाबून ठेवतो. एखाददुसरा फुगा कुणालाही फुटतो, पण ओळीनं पाच फुटत नाहीत, आणि पाच फोडणाऱ्याला द्यायची पितळी घागर वर्षानुवर्षं तिथंच लटकत राहते. धंद्याची रीत आहे ती. त्यात कुणाला पाप वाटत नाही.

शांतलिंगला वाटलं. त्यांचा एकुलता एक, तेव्हा वीस वर्षांचा. सहा वर्षांमागं ह्याच जत्रेत, ह्याच जागी त्यानं एका गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, "मामा, जरा डावीकडं धरा. माशी वाकडी हाय." रेवणप्पानं चारचौघांत त्याच्या मुस्काटात मारली. पोरगा रडला नाही, भांडला नाही. "बंदूक सरळ झाली की येतो," एवढं म्हणाला आणि सोलापूरच्या गाडीत बसला.

दोन वर्षं बाप हट्टानं बसला, मग बंदूक सरळ करायला लागला. दर जत्रेला करायचा आणि दर जत्रेला ती पुन्हा वाकडी व्हायची. "स्प्रिंगच्या हिसक्यानं वाकती," तो म्हणायचा. हिसका कसला. तो चहाला गेला की दगडाबाई पदराखालून पक्कड काढायची. शेजारचा रेवडीवाला शिवप्पा बघायचा आणि हसायचा.

"काकू, घागर काय वर घेऊन जायची का?"

"तुझ्या लग्नात देईन. जमलं कधी तर."

आजही रेवणप्पा चहाला उठला. तिनं पक्कड लावली आणि दाबली. माशी हलली नाही. तिनं दात खाऊन पुन्हा दाबली. मग माशीच्या बुडाशी तिला पिवळी रेघ दिसली. म्हाताऱ्यानं रात्रीच कासाराकडून पितळेचा डाग देऊन ती कायमची पक्की करून आणली होती.

पक्कड हातात तशीच राहिली. रेवणप्पा परत आला तो गिऱ्हाईक घेऊनच. कोंडीराम नावाचा परंड्याकडचा तरणा शेतकरी, बरोबर नवी बायको. पहिला फुगा फुटला. दुसरा फुटला. तिसऱ्याला माणसं जमली. पाचवा फुटला तेव्हा रेवणप्पाचं गिऱ्हाइकाकडं लक्षच नव्हतं. तो गाड्या थांबतात त्या रस्त्याकडं बघत होता आणि सदऱ्याची वरची गुंडी लावत होता.

"घागर," कोंडीरामची बायको हळूच म्हणाली.

दगडाबाईनं घागर काढून दोन्ही हातांनी कवळली. "दुसरं काय बी घ्या. तांब्या घ्या, परात घ्या. ही न्हाई."

"म्हंजी फसवाफसवीच हाय की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

रेवणप्पाचा चेहरा सहा वर्षांपूर्वी झाला होता तसा झाला. "सोड," तो म्हणाला. "पोरगं ह्याच्यापायीच गेलं." त्यानं घागर तिच्या हातातून ओढून घेतली आणि धूळ झटकायला उपडी केली.

आतून एक पोस्टकार्ड पडलं. पिवळं पडलेलं, एक कोपरा फाडलेलं.

रेवणप्पाला अक्षर येत नव्हतं. दगडाबाईला तरी कुठं येत होतं. पण कोपरा फाडलेलं कार्ड मरणाची खबर आणतं, हे गुरं राखणाऱ्यालाही कळतं. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, हेही कळतं. आणि ज्याची खबर यावी असं परगावी त्यांचं एकच माणूस होतं.

तो खाली बसला. घागर हातातून सुटली आणि घरंगळत रेवड्यांच्या पाटीला जाऊन टेकली. ती उचलायला ना कोंडीराम वाकला ना त्याची बायको. रेवणप्पानं कार्डाकडं बघितलं, मग बायकोच्या हातातल्या पकडीकडं.

दगडाबाईनं डोळ्याला पदर लावला नाही. ते तिनं चार वर्षांमागं, कार्ड आलं त्या दिवशी, एकटीनं उरकलं होतं.

"चार वर्सं म्याच वाकवत व्हते," ती म्हणाली. "वाकडी व्हती तवर तो यायचा व्हता. तुमी सरळ केली. आता न्हाई यायचा."